वाड्यातली सात लाकडं

पहिला दिवस : महाल ते लकडगंज

नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा नोव्हेंबरात उतरवला. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत, दोन खणी, वर कवेलूचं छप्पर. भाऊबंदांची वाटणी झाली, तिथे आता चार मजली इमारत होणार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पश्चिमेची भिंत तीन पावसाळे टेकूवर उभी होती, आणि आईला जिना चढवत नव्हता.

माझं दुःख वाश्यांचं आहे. घर उतरवणाऱ्या ठेकेदाराने तुळया तेवढ्या सागाच्या म्हणून वेगळ्या काढल्या आणि बाकीचं सगळं लाकूड 'जंगली' म्हणून ट्रॅक्टरभर सरपणाच्या भावात विकून टाकलं. मी शाळेतून पोचले तेव्हा ट्रॉली निघून गेली होती. अंगणात एक तुटका वासा, मधल्या खोलीचा उंबरठा आणि माळ्यावरून उतरवलेल्या वस्तूंचा ढीग एवढंच उरलं होतं. "हे लाकूड कशाचं होतं?" असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "सागवान नव्हतं, एवढं नक्की."

मी २६ वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. पानाचे प्रकार, मूळ, खोड, सगळं फळ्यावर काढून दाखवते. पण ज्या घरात मी लहानाची मोठी झाले, त्याच्या डोक्यावरचं छप्पर कुठल्या झाडाचं होतं हे मला सांगता आलं नाही. ते मनाला फार लागलं. म्हणून डिसेंबरात चार दिवसांची रजा काढली. पुतण्या गाडी घेऊन आला. तुळईचा एक ठोकळा, वाश्याचा तुकडा, अख्खा उंबरठा, माझ्या लहानपणीचा तान्ह्या पोळ्याचा नंदी, आजीची फणी, गावाकडच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, दांडीचा एक हातभर तुकडा आणि कुऱ्हाडीचा दांडा अशी सात लाकडं डिक्कीत घातली. प्रत्येकाचं झाड शोधायचं, आणि जमलं तर उभं असलेलं पाहायचं, एवढाच बेत होता.

हिवाळी अधिवेशनामुळे अर्धं शहर अडवलेलं. पण लकडगंजला जायला सिव्हिल लाइन्सच्या वाटेला लागावं लागत नाही, हे बरं. नावातच लाकूड असलेला हा नागपूरचा जुना भाग. आरा मशीनचा आवाज आणि ओल्या भुशाचा वास रस्त्यावरूनच सुरू होतो. आमच्या घराची दारं-खिडक्या ज्यांच्या वडिलांनी केली, ते मिस्त्रीकाका अजून तिथे एका मशीनवर बसतात. वय सत्तरीच्या पुढे. उंबरठा पाहिल्याबरोबर त्यांनी नुसता हात फिरवला आणि मला म्हणाले, "काहून ताई, हा विकाले आणला का?"

"नाही काका. हा कशाचा आहे ते सांगा."

"सांगतो. आधी सागाकडून चालू करू. साग समजला तं बाकीचे समजतात."

त्यांनी तुळईच्या ठोकळ्याचं आडवं टोक धारदार पटाशीने तासलं, पाण्याचा हात लावला आणि मला माझंच भिंग काढायला सांगितलं. शाळेतलं दहापटीचं भिंग मी बरोबर नेलंच होतं. ओल्या टोकावर वलयं लख्ख उठून आली. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग, सुईने टोचल्यासारखी, आणि पुढे छिद्रं बारीक होत विरळ होत गेलेली. मोठ्या छिद्रांची रांग म्हणजे पालवीचा काळ, जेव्हा झाडाला भराभर पाणी वर चढवायचं असतं. बारीक छिद्रांचा भाग नंतरचा. मी एका इंचातली वलयं मोजली, चौदा भरली. काकांनी शेजारच्या थप्पीतलं बाहेरदेशातलं लागवडीचं सागवान दाखवलं. त्याच्या एका इंचात चार वलयंही धड नव्हती. खत-पाणी घालून भराभर वाढवलेलं झाड ते. आमचं झाड कुठल्या तरी कोरड्या टेकाडावर इंच-इंच वाढलेलं असणार.

लकडगंजात आज घाना टीक आहे, बर्मा टीक आहे. पण व्यापारी अजून सगळ्यात मानाने बोलतात ते सीपी टीकबद्दल. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. १८६१ साली इंग्रजांनी हा प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. प्रांत गेला, राजधानी गेली, लाकडाच्या बाजारात नाव मात्र टिकून आहे. लालसर झाक आणि सुंदर रेघा ही त्याची ओळख. काकांनी रंध्याची एक फिरत मारली आणि ढलपी माझ्या नाकाशी धरली. कोऱ्या चामड्याचा वास. बोटांना मेणचट लागली. हे तेल सागाच्या अंगचंच, त्यामुळे त्याला वाळवी सहसा धरत नाही आणि त्यात ठोकलेला खिळाही लवकर गंजत नाही.

मग वासा. "हा येन." पुस्तकात ऐन लिहितात, आमच्याकडे बोलताना येन. गडद तपकिरी, त्यात काळपट पट्टे, आणि हातात घेतल्यावर सागाच्या दीडपट वाटेल असं वजन. "यात खिळा मारला तं खिळाच वाकते. आधी गिरमिटाने भोक पाडा लागते. वाळवताना सांभाळलं नाही तं तडकते, म्हणून फर्निचरवाले नाव ठेवतात. पण छपराखाली टाकला की टाकला." त्या जड वाश्यांनी आमच्या डोक्यावर कवेलू किती वर्षं तोलून धरले होते! ते एका ट्रॉलीच्या भावात चुलीत गेले. मी काही बोलू शकले नाही. काकांनीच चहा मागवला.

उंबरठ्याचं टोक त्यांनी शेवटी तासलं. रंग पिवळसर तपकिरी, मधूनमधून तांबूस रेषा. छिद्रं सागासारखी रांगेत नाहीत, विखुरलेली, आणि त्यांना जोडणाऱ्या फिकट नागमोडी रेघा. बाजूच्या गुळगुळीत अंगावर भिंग धरलं तर आडव्या बारीक लहरी दिसल्या, वाऱ्याने तळ्याच्या पाण्यावर उठाव्यात तशा. "हा बिजा," काका म्हणाले, "सागाच्या खालोखालचा मान याचा. खरं-खोटं पाहायचं आसंल तं भुसा घेऊन जा. रात्री पाण्यात टाका, सकाळी उन्हात पाहा."

नंदी त्यांनी हातात घेऊन नुसता झेलला. "शिवण. इतकं हलकं अन् इतकं गुमान दुसरं लाकूड नाही. वाकत नाही, पिरगळत नाही." फिकट दुधी रंग, बारीक पोत, पटाशी चालवायला मऊ. म्हणून खेळणी, पाट, वाद्यांचे भाग शिवणीचे. तान्ह्या पोळ्याला आम्ही हा नंदी सजवून घरोघर न्यायचो आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचो. त्याच्या एका शिंगावर माझ्या दातांचे ठसे आहेत.

दुसरा दिवस : घर आणि गोरेवाड्याची बाजू

सकाळी साडेसातला स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन आलं. काचेच्या ग्लासात रात्री टाकलेला उंबरठ्याचा भुसा तळाशी बसला होता आणि पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं झालं होतं. ग्लास उचलून उजेडाच्या आडवा धरला, मागे काळं पुस्तक ठेवलं, आणि पाण्याच्या वरच्या कडेला निळं दिसलं. मोरपिसाच्या कडेसारखं निळं, ग्लास हलवला की सरकणारं. पाणी पिवळसर, उजेड निळा. बिजातली द्रव्यं पाण्यात उतरतात आणि ऊन पडलं की हा निळा प्रकाश देतात. आई खुर्चीवरून म्हणाली, "अगं, हे तर तुझ्या आजोबांच्या पेल्यातलं पाणी."

आजोबांना साखरेचा आजार होता. बिजाचा कातीव पेला होता त्यांचा. रात्री पाणी भरायचं, सकाळी प्यायचं. त्याचा गुण किती, हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांच्या गोळ्याही नेमाने घेत. पण त्या पेल्याला बिजाचा पेला म्हणतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि त्याच झाडावर रोज पाय ठेवून आम्ही आत-बाहेर करत होतो, हे कोणालाच माहीत नव्हतं.

दुपारी गोरेवाड्याच्या बाजूला थोडं फिरलो. पुतण्याला साग ओळखायला शिकवायचं होतं आणि ते शहराच्या कडेलाच होण्यासारखं होतं. डिसेंबरातली सागाची पानं म्हणजे जाळी. पावसाळ्याच्या शेवटी एक बारीक अळी पानाचा हिरवा गर खाते आणि शिरा सोडते, त्यामुळे लांबून झाड वाळल्यासारखं वाटतं, पण त्याला मरण नसतं. बुंध्याशी फुटव्याला एक कोवळं पान मिळालं. ते पुतण्याच्या तळहातावर चोळलं, तळहात रक्तासारखा लाल झाला. "आत्या, हे हाताला राहतं का?" असं त्याने दोनदा विचारलं. संध्याकाळपर्यंत राहिलं.

बाकी दिवस सामान भरण्यात गेला.

तिसरा दिवस : सिल्लारी

पहाटे साडेपाचला निघालो. कामठी, कन्हानचा पूल, मनसर. मनसरला तर्री-पोहे खाल्ले, अंगात ऊब आली. जबलपूरच्या महामार्गावर देवलापारच्या पुढे जंगल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिडतं. तिथे रस्ता उंच पुलांवर घेतलाय, गाड्या वरून आणि जनावरं खालून. पेंचचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९९ पासून. गाभ्यात गाडीतून उतरता येत नाही, आणि मला तर झाडाला हात लावायचा होता. म्हणून सिल्लारी गावच्या शिवारातून, जंगलाच्या कडेकडेने चालायचं ठरवलं होतं. वाटाड्या गावातलाच गोंड तरुण. आधी मॅडम म्हणत होता. डिक्कीतला उंबरठा आणि नंदी पाहिल्यावर ताई म्हणायला लागला.

त्याची अट एकच होती : "साल काढायची नाही. खाली पडलेलं काहीबी घ्या, उभ्या झाडाचं नखभर नाही." मला ती फार आवडली.

साग तर होताच. पण सागात मिसळलेली दुसरी झाडं वेगळी काढायला डोळ्यांना अर्धा तास लागला. मग एकदम दिसायला लागली. पहिला येन. त्याची साल एकदा पाहिली की जन्मात चुकत नाही. काळपट करडी, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, थेट मगरीची पाठ. मी खाली पडलेलं एक पान उलटं केलं. देठाजवळ, मागच्या बाजूला, डाळीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी. पान उलटं करून त्या गाठी सापडल्या की येनावर शिक्का. फळाला पाच पंख. ती फळं बुंध्याखाली ढिगाने पडली होती. ह्याच झाडावर टसर रेशमाचे किडेही वाढतात.

वाटाड्या त्या झाडाला नमस्कार करून पुढे निघाला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "साज आहे ना ताई, आमचा बडादेव याच्यात राहतो." गोंडांचा मोठा देव साजाच्या झाडात, आणि साज म्हणजेच येन. मी हातातल्या वाश्याच्या तुकड्याकडे पाहिलं. तो पिशवीत नीट गुंडाळून ठेवला, आधी नुसता टाकला होता.

उताराला लागलो तशी रानाचा रंग बदलला. मध्येच तांब्याच्या रंगाची झाडं पेटल्यासारखी उभी. धावडा. थंडीत त्याची लहान लहान पानं गळायच्या आधी अशी लाल होतात. खोड मात्र पांढरट करडं, गुळगुळीत, जागोजाग खवले निघून उथळ खळगे पडलेलं. येन आणि धावडा शेजारी उभे असले म्हणजे एक काळा आणि खरबरीत, एक गोरा आणि तुकतुकीत, सख्खे शेजारी वाटू नयेत इतका फरक. गंमत म्हणजे दोघांचं कुळ एकच. हिवाळ्यात आपण डिंकाचे लाडू करतो त्यातला चांगला डिंक ह्या धावड्याचा. एका जुन्या घावाखाली त्याचे मणी वाळलेले होते, मधाच्या रंगाचे. लाकूड जड, घट्ट आणि चिवट. कुऱ्हाडीचा दांडा, बंडीची आस, जिथे धक्के बसणार तिथे धावडा. मी लगेच आमचा दांडा काढला आणि म्हटलं, हा धावड्याचाच. वाटाड्यानेही मान डोलावली.

बिजा मात्र सहज मिळेना. दोन तास चाललो. तेंदू दिसले, जळक्या कोळशाचे चौकोन एकाशेजारी एक चिकटवावेत तशा सालीचे. उन्हाळ्यात त्यांची पानं विडीसाठी तोडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या तेंदूच्या पोटात काळंभोर आबनूस असतं हे आपण विसरलोय. लेंडिया दिसला. मोह तर बांधाबांधावर, त्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही. फुलं आणि टोळी, म्हणजे फळं, दोन्हींवर घर चालतं, कोण तोडेल? चढावर सालई, कागदासारखे पापुद्रे सुटलेली.

बिजा शेवटी नाल्याच्या वरच्या अंगाला भेटला. उंच, एकटा. मी आधी खालची फळं पाहिली : चपटी, गोल, मधे बी आणि सभोवार कागदी पापुद्रा, उन्हात वाळत घातलेल्या पापडीसारखी. वाऱ्याबरोबर लांब जावीत म्हणून अशी. पानं पिसासारखी, एका देठावर पाच-सात पर्णिका, टोकाशी किंचित खाच. आणि खोडावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, कधीतरी लागलेल्या घावातून ओघळून सुकलेला लाल चीक. गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा पारदर्शक. वाटाड्या म्हणाला, "याले घाव घातला तं रगत येते. म्हणून जुने लोक घाव घालायच्या आधी हात जोडत." मी त्या खोडावर तळहात टेकवून उभी राहिले. उंबरठ्याच्या मधोमध आमच्या घराण्याच्या पायांनी घासून एक खळगा पडला आहे, ओंजळभर पाणी राहील एवढा. एवढं घट्ट लाकूड, आणि त्याला खळगा पडायला किती माणसं, किती वर्षं लागली असतील.

आता बिजा विरळ झालाय. लाकडाला मागणी, औषधाला मागणी, वाढ सावकाश.

परतताना नाल्याच्या काठी हळदू भेटला. बुंधा खालून पन्हळी पडलेला, पानं हृदयाच्या आकाराची, समोरासमोर. डहाळीला वाळलेले गोल गेंद. लाकूड पिवळं, म्हणून हळदू. पोत इतका बारीक की भिंगातूनही छिद्रं शोधावी लागतात. दातऱ्या पाडताना तुकडा उडत नाही, त्यामुळे फण्या ह्याच्या करायच्या. आजीची फणी मी पानाशेजारी ठेवून फोटो काढला. तेलाने ती आता हळदीपेक्षा मधाच्या रंगाची झाली आहे. थोडं पुढे कळम होता, त्यालाही तसेच गेंद, पण पान हृदयासारखं नाही. गेंद पाहून दोन्हींना कदंब म्हणणारे पुष्कळ भेटतात. पान पाहावं, मग बोलावं.

रात्री मुक्कामावर वांग्याची भाजी, भाकर. बाहेर अशी थंडी की शेकोटीपासून हलवेना. शेकोटीत जळत होता धावडा. निखारा सकाळपर्यंत टिकला.

चौथा दिवस : सुताराचं अंगण

दांडीचा तुकडा अजून बाकी होता. वाटाड्या म्हणाला, शेजारच्या गावात एक म्हातारे सुतार आहेत, बंड्या करायचे. आता करत नाहीत.

अंगणात बाभळीखाली दोन लाकडी चाकं भिंतीला टेकवलेली, त्यांची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, गंजलेली. बाबांनी (गावात सगळे त्यांना बाबाच म्हणतात) खाट टाकली, आम्हाला बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. मी दांडीचा तुकडा दिला. त्यांनी त्याच्या कडेची एक सिळक काढून वाकवली. ती मोडली नाही, धाग्याधाग्यांनी उसवली.

"तिवस."

वाटेत दिसलेल्या याच झाडाला वाटाड्या तिनसा म्हणत होता. एका देठावर तीन पानं, पळसासारखी पण लहान आणि कडा लहरी, म्हणून काही ठिकाणी काळा पळसही म्हणतात. फेब्रुवारी-मार्चात पानं गळाल्यावर फिक्या गुलाबी फुलांनी भरतो. बाबा म्हणाले, "दांडीले तिवसच पाहिजे. दोन बैल वढतात, मागून वझं ढकलते, गड्ड्यात चाक गेलं का झटका दांडीवर. दुसरं लाकूड मोडते. तिवस सोसते."

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. त्या अर्ध्या तासासाठी चार दिवसांची रजा सार्थकी लागली. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, बाभळीचा, त्यातून निघणारे आरे बाभळीचे नाही तर खैराचे, कडेचे गोलाईचे पुठ्ठेही बाभळीचे. बाभळीला लोखंडाची तापलेली धाव चढवली आणि वर पाणी ओतलं की धाव आकसते आणि सगळे सांधे एकमेकांत असे आवळते की खिळा लागत नाही. वखराचं खोड बाभळीचं. जू मात्र शिवणीचं, कारण ते हलकं पाहिजे. "जू जड झालं तं बैलाचं खांदं सुजते. तो बोलत नाही, म्हणून आपण पाहा लागते." मुसळ खैराचं. कावडीची काठी धामणीची.

बंडीत इतकी झाडं होती! एकेका भागाला काय सोसायचं आहे ते पाहून झाड निवडलेलं. बंडीला रबरी टायर आले, वखर लोखंडाचा झाला, मग ट्रॅक्टर आला. बाबांच्या पोरांनी दारं-खिडक्यांचं काम घेतलं, तेही आता प्लायवूडचं. अवजार गेलं की त्याच्या लाकडाचं नाव कोणाला लागत नाही, आणि ज्याचं नाव कोणाला लागत नाही ते झाड 'जंगली' होतं. आमच्या ठेकेदाराचा शब्द मला तिथे बसून समजला. १९२७ च्या वन कायद्याची चौकट आहे, मालकी जमिनीतली ठरावीक झाडं तोडायलाही परवानगी लागते, १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विनापरवाना आरा मशिनी बंद झाल्या. हे सगळं हवंच. पण कायदा झाड राखतो. झाडाची ओळख माणसांनाच राखावी लागते, आणि ती ह्या अंगणात एका माणसाजवळ उरली होती.

निघता निघता पुतण्याने कुऱ्हाडीचा दांडा दाखवला. मी म्हटलं, हा कळलाय, धावड्याचा. बाबांनी तो हातात तोलला, एक टोक दगडावर टेकवून मधे दाब दिला. दांडा किंचित वाकला आणि सोडल्यावर सरळ झाला.

"धावडा नोहे, बाई. धावडा येवढा हलका नसते. हे धामण."

धामण म्हटलं की आपल्याला साप आठवतो. हे झाड फालशाच्या कुळातलं. वाकतं पण मोडत नाही, आणि घाव घातल्यावर झटका हाताला पोचू देत नाही. दिवसभर लाकूड फोडणाऱ्या माणसाला ह्याची किंमत. दांडा आजोबांच्या गड्याचा होता. आजोबांचा पेला बिजाचा, गड्याचा दांडा धामणीचा. दोघांनी आपापल्या गरजेचं झाड बरोबर निवडलं होतं.

मी बाबांना धामणीचं झाड दाखवाल का म्हणून विचारलं. ते उठले, काठी घेतली आणि घरामागच्या बांधापर्यंत चालत आले. बांधावर एक झाड होतं, करड्या सालीचं, रुंद पानांचं, आणि पानाचा तळ एका बाजूला जरा जास्त उतरलेला. मी कदाचित शंभर वेळा अशा झाडाखालून गेले असेन. त्यांनी सालीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

दुपारी परत निघालो. रात्री घरी आल्यावर सातही वस्तूंना जाड कागदाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या. साग, येन, बिजा, शिवण, हळदू, तिवस, धामण. खाली झाड कुठे पाहिलं ते गाव. शिवणीखाली जागा रिकामी आहे, ते झाड ह्या फेरीत भेटलं नाही. फेब्रुवारीत पानं गळून पिवळट तपकिरी फुलं येतील तेव्हा लांबूनही ओळखू येईल, तेव्हा जाईन.

मग लकडगंजला मिस्त्रीकाकांना फोन लावला. भावाला नवीन घराच्या दाराला ग्रॅनाइटचा उंबरठा लावायचा होता, त्याच्याशी बोलून झालं होतं.

"बसवून देतो ताई," काका म्हणाले, "पण चौकट बारकी आहे. तीन इंच कापा लागंल."

"एकाच बाजूने कापू नका काका. दोन्हीकडून दीड-दीड इंच कापा, म्हणजे खळगा मधोमध राहील. आणि घासलेली बाजू वरच ठेवा, रंधा मारू नका."

"अन् कापलेले तुकडे?"

"ते टाकू नका. शाळेत न्यायचे आहेत."

"बरं," ते म्हणाले, "भुसाबी ठेवून देतो."